धाकट्याने पाठवलेली स्क्रूंची फळी

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे ओंजळभर आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे, जेवण जातं का, झोप लागते का, आणि बायकोशी धड बोलतोस की नुसता हुंकार देतोस, ते सगळं कळव. (शेवटचं तिलाच विचारलं तर खरं कळेल, पण ती तुझी बाजू घेते.) इकडे माझा उजवा गुडघा जिना चढताना बोलतो आणि डावा उतरताना, त्यामुळे दोघांचं आपसात भांडण नाही. लेक बरा आहे, नात शाळेत जाते, सूनबाई हे पत्र लिहिते आहे आणि स्वयंपाकघरातलं नवं कपाट उभं आहे. ते उभं आहे ते तुझ्यामुळे. त्याचेच आभार मानायला हे पत्र.

आधीच सांगते, घाबरू नकोस, हे तुला बोलावणारं पत्र नाही. बोलावून झालं. गेल्या दीड वर्षात चार वेळा बोलावलं आणि चारही वेळा तू फोनवर "बघू" म्हणालास. हात थरथरायला लागला तसा तू हत्यारांची पेटी कॉटखाली ढकललीस, आणि तिच्यामागोमाग स्वतःही आत गेल्यासारखा बसलास. कुणाकडे जायचं नाही, कारण तिथे कुणीतरी चहाचा कप हातात देणार, तो बशीवर वाजणार आणि सगळे तिकडे न बघितल्यासारखं करणार. हे मला तुझ्या बायकोने सांगितलं. (तिला रागावू नकोस. मी खोदून खोदून विचारलं.) तर तो विषय आज नाही. फोन न करता पत्र धाडायचं कारण एवढंच, की फोनवर तू "बघू" म्हणून मोकळा होतोस. पत्र निदान शेवटपर्यंत बोलून घेतं.

आता लिहिणारीबद्दल दोन शब्द. मला अक्षर येत नाही हे तुला नव्याने सांगायला नको. सूनबाईने कबूल केलंय की मी बोलेन तेच ती कागदावर उतरवेल. पण मी "लेकाने घोळ घातला" म्हटलं की तिचं पेन जरा थबकतं आणि मग "त्यांच्याकडून थोडी गडबड झाली" असं काहीसं उतरत असावं, असा मला संशय आहे. (आत्ता ती गालात हसली. म्हणजे तसंच उतरलं.) तेव्हा तू वाचताना लेकाची गडबड जिथे जिथे येईल तिथे तिथे ती दुप्पट करून घे.

झालं असं, की आमच्या स्वयंपाकघरात डबे ठेवायला जागा उरली नव्हती. खिडकीत डबे, ओट्याखाली डबे, आणि दोन डबे माझ्या उशाशी. लेक एक दिवस लाकडाच्या दुकानातून मापाच्या फळ्या कापून घेऊन आला. दोन बाजू, एक तळ, एक माथा, मधला एक कप्पा, पाठीला पातळ प्लाय आणि पुढे दोन दारं. तुझ्या हिशेबाने ते लाकूडच नव्हे. लाकडाचा भुसा गोंदात मळायचा, दाबून त्याची फळी करायची आणि वर गुळगुळीत कागद डकवायचा. हात फिरवला तर छान वाटतं, पण कापलेल्या कडेला बोट लावलं तर बिस्किटासारखं भुरभुरतं. लेक म्हणाला, एका रविवारचं काम आहे, नुसते स्क्रू आणायचे आणि पिळायचे. हे वाक्य ज्याने कधी स्क्रू पिळला नाही तोच बोलू शकतो.

स्क्रू त्याने निवडले ते रंगावरून. काळेभोर, टोकदार, बघितल्यावर वाटावं की हे काहीही धरून ठेवतील. (माणसंही पुष्कळदा अशीच निवडली जातात. सूनबाई विचारते, हे लिहू का. लिही बाई, तुला माझ्याहून जास्त ठाऊक.) हार्डवेअरवाल्याने त्याला विचारलंही होतं म्हणे, कशासाठी हवेत. आमचा म्हणाला, घट्ट बसायला. आता यावर त्या बिचाऱ्याने काय बोलावं. ते काळे स्क्रू छताला प्लास्टरच्या पाट्या लावतात त्यासाठीचे. कडक असतात, पण वाकत नाहीत, सरळ मोडतात. रविवारी सकाळी पहिला स्क्रू अर्धा आत गेला आणि टक् असा आवाज होऊन त्याचं डोकं लेकाच्या हातात आलं, धड फळीत राहिलं. दुसऱ्याचं तेच. चौथ्याच्या वेळी लेकाने जोर केला, तर स्क्रू शाबूत राहिला आणि फळीची कड फुटली. पाचव्याला पेचकस सटकून अंगठ्यात घुसला. मग त्याने फळ्या बोळात भिंतीला टेकवून ठेवल्या आणि सोमवारी ऑफिसला अंगठ्याला पट्टी बांधून गेला. तिथे कुणी विचारलं तर म्हणे घरी सुतारकाम चाललंय.

त्या फळ्या बोळात अकरा दिवस उभ्या होत्या. आम्ही चौघंही घरात खेकड्यासारखी आडवी चालायला शिकलो. लेक म्हणाला, सुतार बोलवू. मी म्हटलं, बोलव, पण माझ्या माहेरचा सुतार जिवंत असताना दुसऱ्याला विचारायचं तर आधी त्याला सांगितलं पाहिजे. म्हणून मी तुला फोन केला. कपाटाबद्दल एक शब्द जास्त बोलले नाही. दोन दारांचं, खाली उभं राहणारं कपाट आहे, घरातच राहणार आहे, स्क्रू कुठले घ्यायचे, एवढंच विचारलं. तेव्हा तू विचारलंस, फळी कसली. मी सांगितलं, भुशाची. तू विचारलंस, जाडी किती. मी म्हटलं, माझ्या अंगठ्याच्या रुंदीएवढी. तू म्हणालास, "पाठवतो."

धाकट्या, दीड वर्षात तू मला पहिल्यांदा दोन प्रश्न लागोपाठ विचारलेस, आणि "बघू" म्हणाला नाहीस. फोन ठेवल्यावर मी सूनबाईला म्हटलं, जा, चहा टाक, आज साखर थोडी जास्त. (डॉक्टरांना हे कळवायचं कारण नाही.)

नऊ दिवसांनी तुझं पार्सल आलं. लेकाने फोडलं आणि तो गोंधळलाच. आत स्क्रूंच्या तीन कापडी पुरचुंड्या, एक जुनं गिरमिट, आणि वीतभर लांब, चार बोटं रुंद अशी एक फळी. फळीवर स्क्रूंच्या तीन रांगा, अर्धे आत रोवलेले, अर्धे बाहेर. एका टोकाला आखूड, मधे गोल डोक्याचे, दुसऱ्या टोकाला चांगले लांब. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. लेक म्हणाला, मामांनी काही लिहिलंच नाही. मी म्हटलं, लिहिलंय, तुला वाचता येत नाही.

त्या बापड्याला काय ठाऊक. मी सासरी आले तेव्हा घरात वाचणारे पुष्कळ होते, पण माझ्या नावाने आलेलं पत्र आधी चार जण वाचणार आणि मग मला त्यातलं जेवढं सोयीचं तेवढं सांगणार, हे तुला लवकर कळलं. तेव्हापासून तू मला लाकूडच धाडत आलास. तू कारखान्यात लागलास तेव्हा पळी आली, दांड्यावर दोन खाचा, म्हणजे दोन आठवड्यांनी येतोस. लेक झाला तेव्हा खुळखुळा आला, त्याच्यात तू कसले खडे घातले होतेस देव जाणे, अजून वाजतो. कुणी मधे वाचू शकलं नाही, कुणी गाळून सांगितलं नाही. या घरात एवढी शिकलेली माणसं आहेत, पण जे फक्त मलाच वाचता येतं असं पत्र येतं ते माझ्या एकटीला. त्याचा मला फार तोरा आहे, आणि त्या तोऱ्यानेच पुढचा सगळा घोळ केला. (हा घोळ माझा आहे, सूनबाई. हा मुळीच सौम्य करू नकोस.)

मी फळी मांडीवर घेतली आणि सगळ्यांसमोर बोटांनी वाचायला बसले. माझ्या लगेच ध्यानात आलं की ही फळी म्हणजे आपलं कपाटच आहे, उभं केलेलं. वरची रांग दारांची, मधली पाठीची, खालची तळाची. इतकं बरोबर ओळखलं. फक्त फळी उलटी धरली होती. अक्षर न येणारं माणूस कागद उलटा धरतं हे जग जाणतं, पण फळीसुद्धा उलटी धरता येते हे मीच पहिल्यांदा करून दाखवलं असेल. एका टोकाला तू भोक पाडलं होतंस. ते खिळ्याला अडकवायचं म्हणून वर असणार, हे कुणालाही सुचलं असतं. मला वाटलं, ते स्क्रूच्या आधी पाडायचं भोक कसं असावं त्याचा नमुना आहे, म्हणून ते मी खाली ठेवलं.

झालं. लांब स्क्रू वर आले, म्हणजे दारांच्या बिजागऱ्यांना. आखूड स्क्रू खाली आले, म्हणजे तळ आणि बाजू जोडायला. मला जरा खटकलं, पण मधली रांग कशीही धरली तरी मधेच राहते. ते गोल डोक्याचे स्क्रू पाठीच्या पातळ प्लायवर असे झकास बसले, की ज्या अर्थी हे बरोबर आलं त्या अर्थी बाकीचंही बरोबर असणार, अशी मी सगळ्यांची समजूत घातली. काम सूनबाईने केलं. लेकाचा अंगठा अजून दुखत होता. (तो त्याच अंगठ्याने फोनवर तासभर काहीबाही सरकवत बसतो, तेव्हा दुखत नाही.) मी खुर्चीत बसून हुकूम सोडत होते. लेकाने एकदा विचारलंही, आई, दाराला एवढे लांब लागतील का. मी म्हटलं, चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने पाठवलेत, तू काळे आणणारा मला विचारू नकोस. सूनबाईला तेव्हाच शंका आली होती, असं ती आता म्हणते. मग बोललीस का नाहीस, असं मी विचारलं, तर म्हणते तुम्ही इतक्या खुशीत होतात.

कपाट उभं राहिलं आणि दोन्ही दारांतून पुढच्या बाजूला आठ टोकं बाहेर आली. बाहेरून बघितलं तर कपाटाला काटे फुटलेत. लेकाचा सदरा पहिल्याच दिवशी बाहीला फाटला. नातीच्या कपाळाच्या उंचीवर दोन टोकं येत होती, म्हणून सूनबाईने तिचे दोन खोडरबर कापून आठ तुकडे केले आणि एकेका टोकावर खोचले. खालच्या चार तुकड्यांवर तिने पुसायची फडकी आणि चहाची गाळणी अडकवली, आणि खरं सांगते, दोन दिवस मला ती सोय तुझीच वाटत होती. शेजारची शिक्षिका आली, तिने कपाटाकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे खुंट्यांचं डिझाइन कुठे मिळालं. मी म्हटलं, माझ्या भावाचं आहे. (तुझं नाव मी असं मोठं करत असते.)

तिसऱ्या दिवशी कपाटाने मान टाकली. लेकाने डाव्या बाजूला पाण्याची भरलेली कळशी ठेवली, आणि दुपारी आम्ही जेवत असताना कपाट हळूहळू त्याच बाजूला कलायला लागलं. पडलं नाही, आपटलं नाही. दमलेलं माणूस भिंतीला धरून खाली बसतं तसं बसलं. तळाचे आखूड स्क्रू नखभर तर आत गेले होते, ते भुशासकट अलगद बाहेर आले. डबे एकामागोमाग एक घसरत आले आणि माझ्या ताटाभोवती गोळा झाले. लेक काही बोलला नाही. आईने केलेल्या चुकीवर लेकाने गप्प बसावं यासारखी शिक्षा नाही. मला वाटलं होतं तो निदान काळ्या स्क्रूंची आठवण काढेल, म्हणजे मलाही दोन शब्द बोलता आले असते.

आणि मग मी, तुझी थोरली बहीण, मनात काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, धाकट्याचा हात गेला तो गेला, आता डोक्यातलंही गेलं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवशी मला घास गेला नाही. हातापेक्षा मला ते जास्त लागलं. आज हे सांगते ते यासाठी, की तुझ्यावर असा संशय घेतल्याबद्दल तुझी माफी मागायची आहे आणि माफी मागताना गुन्हा काय ते सांगावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई केर काढत होती. तुझी फळी मी रागाने कोपऱ्यात आडवी टाकली होती. तिने ती उचलून बाजूला ठेवायची म्हणून ओट्यावर ठेवली, तर ती आपली आपण उभी राहिली. तिने ती उलटी करून पाहिली, तर पडली. पुन्हा फिरवली, पुन्हा उभी. मग ती माझ्याकडे घेऊन आली आणि म्हणाली, "आई, ही एकाच बाजूने उभी राहते." मी बोट फिरवलं. एका कडेला तू रंधा मारून सपाट बूड केलं होतंस, आणि त्या बुडाच्या अंगाला लांब स्क्रूंची रांग होती. मी बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसले. तुझं डोकं जागेवर होतं. गेलं होतं ते माझं, आणि ते जागेवर येईपर्यंत सूनबाई बिचारी झाडू हातात धरून उभी होती.

मग सगळं उकलून पुन्हा केलं. जुनी सैल झालेली भोकं सूनबाईने काड्यापेटीच्या काड्या गोंदात बुडवून बुजवली, कारण भुशाच्या फळीत एकदा स्क्रू फिरून सैल झाला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. शेजारी नवी भोकं पाडली तुझ्या गिरमिटाने. त्याच्या पात्याला तू जिथे दोरा गुंडाळला होतास तिथपर्यंतच न्यायचं, हेही आता कळलं. पहिल्या खेपेला आम्हाला वाटलं होतं की दोरा गंजू नये म्हणून आहे. दारांना आखूड स्क्रू लावले, फळीच्या जाडीच्या आत राहणारे. तळाला आणि बाजूंना लांब लावले, जे पहिली फळी ओलांडून दुसरीत अंगठाभर खोल जातात. त्यांचे आटे विरळ आणि खोल, भुशाला चांगले पकडणारे. त्यांची डोकी अशी, की फळीत बुडून सपाट होतात. आणि पिळताना डोकं बुडालं की थांबायचं, आणखी अर्धा फेरा देण्याचा मोह आवरायचा. प्रत्येक स्क्रूवरून मी अंगठा फिरवला. जिथे डोकं अंगठ्याला लागलं तिथे सूनबाईने पुन्हा केलं, एकदासुद्धा कुरकुरली नाही. संध्याकाळी कळशी ठेवली, दोन डबे ठेवले, मग सगळे डबे ठेवले. मी खुर्ची समोर घेऊन अर्धा तास त्याच्याकडे बघत बसले. ते हललं नाही.

तर धाकट्या, आभार. लांब स्क्रूंचे आभार, दाराच्या आतच राहणाऱ्या आखूड स्क्रूंचे आभार, आणि गोल डोक्यांचे तर दोनदा, कारण माझ्या हातून फक्त तेच बरोबर लागले होते. हार्डवेअरवाल्याला मी तुझे स्क्रू नेऊन दाखवले. तो म्हणाला, ज्याने निवडलेत त्याला फळी न बघता कळलंय, आणि उगाच भारीतले, न गंजणारे घेतले नाहीत, घरातल्या कपाटाला हे चकचकीत साधेच पुरे. त्याचे शब्द मी जसेच्या तसे सांगते आहे. गिरमिटाचे आभार वेगळे, कारण गिरमिट आलं म्हणजे कॉटखालची पेटी तू उघडलीस. मला ते पार्सल फोडतानाच कळलं होतं, पण तोंडातून काढलं नाही, म्हटलं उघडलीय तर उघडी राहू दे.

अजून एक सांगायचं आहे आणि सूनबाई, हे सावकाश लिही. फळीवरचे नऊही स्क्रू कललेले आहेत. सगळे एकाच बाजूला, वाऱ्यात उभ्या गवतासारखे. खालच्या रांगेत एका स्क्रूशेजारी रिकामं भोक आहे. तिथे तुझा हात सटकला असणार. पूर्वीचा तू असतास तर ती फळी जाळून दुसरी केली असतीस. या वेळी तू तीच पाठवलीस. मला माहीत आहे, नऊ दिवस का लागले. मी त्या भोकावरून रोज एकदा बोट फिरवते. स्क्रू कलले, पण नऊच्या नऊ जिथे असायला हवेत तिथे आहेत. एकही निवडायला चुकला नाहीस. चुकलेली या सगळ्यात एकच आहे आणि तिला अक्षर येत नाही.

बाकी क्षेम. तुझ्या बायकोला सांग, तिने दुखरी पाठ शेकत जावी, आणि तुझ्यापाशी बसून बोलत जावं, तू उत्तर दिलं नाहीस तरी. नात तुला नमस्कार सांगते आणि तिला नवे खोडरबर आणून दिलेत हेही कळवायला सांगते. लेक नमस्कार सांगतो. त्याचा अंगठा बरा आहे, त्याचं म्हणणं वेगळं आहे.

तुझी,
थोरली

ता. क. सगळं छान झालं असं वर म्हटलं, पण एक राहिलं. कपाटाचं डावं दार आज सकाळपासून खाली ओघळलंय. बंद करायला गेलं की तळाला घासतं. स्क्रू पाठवू नकोस, स्क्रू आहेत. काय झालंय ते बघायलाच लागेल, आणि बघणारं माणूस इथे कुणी नाही. बस दुपारची सोयीची पडते. लेक स्टँडवर घ्यायला येईल.

आणखी ता. क. वर म्हटलं की हे बोलावणारं पत्र नाही. ते खोटं होतं. खरं कारण दार नाही, हेही तुला कळलंच असेल, म्हणून सांगून टाकते. शेजारच्या शिक्षिकेने आमचं कपाट पुन्हा बघितलं, काटे गेल्यावर, आणि तिला तसंच हवंय. तिच्या बहिणीलाही एक हवंय, तेही सागाचं, भुशाचं नव्हे. सूनबाईने दोघींना हो म्हटलंय. तिचा हात चांगला आहे, धाकट्या. स्थिर आहे, आणि ती घाई करत नाही. पण सागाला आटे कसे लागतात, स्क्रू किती जाडीचा, आधी भोक केवढं, हे तिला माहीत नाही आणि मला तर तू पाठवलेली फळी सुलट धरता येत नाही. तुला पेचकस धरायचा नाही. खिडकीपाशी खुर्ची आहे, तिच्यावर बसायचं, पुरचुंडीत हात घालायचा आणि सांगायचं, हा नको, हा घे. चहा आम्ही तुला स्टीलच्या पेल्यात देऊ, आम्ही सगळेच पेल्यात घेतो आता, बशा मी माळ्यावर टाकल्या. दोन दिवस राहा. दोन आठवडे राहिलास तरी चालेल. दोन महिने म्हणाले असते, पण तुझी बायको मला शिव्या देईल, तेव्हा तिलाही घेऊन ये.

मामांना सूनबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. आई चष्मा पुसायला आत गेल्यात तेवढ्यात लिहिते. डाव्या दाराला काहीही झालेलं नव्हतं. आज सकाळी मी पाणी भरत असताना त्यांनी स्वतः पेचकस घेऊन वरच्या बिजागरीचे दोन स्क्रू काढले आणि चष्म्याच्या डबीत ठेवले. मी बघितलं ते त्यांना माहीत नाही. पण दोन कपाटांचं खरं आहे, आणि मला काही येत नाही हेही खरं आहे. मी विचारेन ते सगळं चुकीचं असेल, तुम्ही रागावलात तरी चालेल. या.

शेवटचं ता. क. मी आले. मी आत गेले तेव्हा कागदाचा शेवट माझ्या बोटाएवढा मोकळा होता, आता नाही. अक्षर येत नसलं तरी जागा किती भरली ते दिसतं मला. तिने काय लिहिलं ते मी विचारलं नाही. ती खोटं लिहीत नाही, तेव्हा दाराचं तुला कळलंच. तर आता ते लपवून उपयोग नाही. दोन्ही स्क्रू माझ्याकडे आहेत, आणि तू येऊन कुठला कुठे लागतो ते सांगेपर्यंत ते मी कुणाला देणार नाही. तोवर आमचं दार उघडं आहे.